दिसत नसलेल्या बाईची पावलं

मास्तरांना सगळे मास्तर म्हणत असले, तरी त्यांनी आयुष्यात कधी शाळेत खडू धरला नव्हता. ते सिनेमातल्या माणसांना चालवत. पडद्यावर नायक ऐटीत जिना उतरतो आणि त्याच्या बुटांचा टॉक टॉक आवाज आपल्याला ऐकू येतो, तो आवाज त्या नायकाचा नसतोच मुळी. शूटिंगच्या जागी पंखे, गाड्या, आरडाओरडा, सगळा गोंधळ असतो; त्यात पावलं कुठली ऐकू यायला? म्हणून चित्रण संपलं की सिनेमा एका बंद खोलीत येतो आणि तिथे पडद्याकडे बघत बघत कुणीतरी ती पावलं नव्याने वाजवतं. हे कुणीतरी म्हणजे आपले मास्तर.

त्या खोलीच्या जमिनीवर निरनिराळे चौकोन होते. एक फरशीचा, एक लाकडी, एक वाळूचा, एक खडीचा, एक पत्र्याचा. भिंतीला लागून कपाटभर चपला आणि बूट, जुने, झिजलेले, काही तर जोडी नसलेले. पडद्यावर सैनिक चालला की मास्तर जड बूट चढवून खडीत उभे राहत. नायिका चालली की तेच मास्तर, पोट सुटलेलं, डोक्यावर चंद्र उगवलेला, उंच टाचांचे सँडल घालून फरशीवर ठुमकत. पहिल्यांदा बघणाऱ्याची हसून पुरेवाट व्हायची. मग डोळे मिटून नुसतं ऐकलं की हसू थांबायचं, कारण समोरून खरोखरच एखादी तोऱ्यातली तरुणी चाललेली असायची.

काचेच्या पलीकडे, यंत्रांपाशी, कानाला हेडफोन लावून रेकॉर्डिंग करणारे बहिरेबुवा बसत. त्यांचे कान इतके तीक्ष्ण, की मास्तरांच्या पोटात गुरगुरलं तरी ते टेक थांबवून विचारत, "मास्तर, आज नाश्ता नाही केलात?" म्हणूनच त्यांचं नाव बहिरेबुवा पडलं होतं. दोघांचं जन्माचं सूत होतं आणि दिवसातून एकदा तरी भांडण व्हायचं.

धंद्यामुळे मास्तरांना एक खोड लागली होती. माणूस भेटला की ते आधी त्याच्या पायांकडे बघत. दारावर कोण आलंय हे ते बेल वाजायच्या आधी सांगत. शेजाऱ्याचा गुडघा दुखतोय हे शेजाऱ्याच्या आधी त्यांना कळलं होतं. बायको वैतागून म्हणायची, "माझ्या तोंडाकडे बघून बोला की कधीतरी. लग्न पायांशी केलंयत का?" मास्तर हसत आणि तिच्या पायांकडेच बघून उत्तर देत.

असा कानाचा पक्का माणूस, पण सख्ख्या बहिणीशी त्याचं बोलणं बंद होतं. आई गेल्यापासून बंद होतं. आई शेवटची वर्षं ताईकडे, दुसऱ्या गावी राहिली. मास्तर फोन करत, औषधं पाठवत, काम सरलं की भेटून येत. आई गेल्यावर दोघं भावंडं तिचं कपाट आवरत होती. शब्दाने शब्द वाढला आणि ताई म्हणाली, "तुला आई माहीतच नव्हती. तू पाहुणा म्हणून यायचास आणि पाहुणा म्हणून जायचास." मास्तरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "आईचं पाऊल मी झोपेतसुद्धा ओळखीन," असं म्हणून ते कपाट अर्धवट टाकून निघून आले. तेव्हापासून इकडची खबर तिकडे आणि तिकडची इकडे मास्तरांची बायको पोचवी. मास्तर वरून दगड होते, पण आतून त्यांना ताईशिवाय करमत नव्हतं. लहानपणी त्यांना रस्ता ओलांडायला तिने शिकवलं होतं. आता चूक कुणी कबूल करायची, एवढ्यावर सगळं अडलं होतं.

अशात तो विचित्र सिनेमा आला.

मास्तरांची सिनेमाची आवड सरळ होती. एक गोष्ट असावी, ती कळावी, आणि माणसं भरपूर चालावीत. ज्यात काहीच घडत नाही आणि लोक बाहेर येऊन गंभीर चेहरे करतात, असल्या सिनेमांचं त्यांना अजिबात कौतुक नव्हतं. ते सिनेमे त्यांच्या डोक्यावरून जात आणि जाताना टकलाला वारा लागतो, एवढाच त्यांचा उपयोग, असं ते म्हणत. हा नवा सिनेमा तर त्या सगळ्यांचा बाप निघाला.

पडद्यावर एक खोली. खिडकी, पलंग, टेबल, एक सरळ पाठीची खुर्ची. कॅमेरा कोपऱ्यात ठेवलेला आणि तो हलायचं नाव घेत नाही. त्या घरात एक म्हातारी बाई एकटी राहते, पण ती दिसतच नाही. ती स्वयंपाकघरात असते, बोळात असते, न्हाणीघरात असते. मधूनच एखादं कोपर दिसतं, कपड्याचा काठ दिसतो, की गेलीच. सकाळचं ऊन भिंतीवरून सरकत जातं आणि आपण रिकामी खोली बघत बसायचं. शेवटी संध्याकाळ होते, अंधारत जातं, बराच वेळ कुणीच येत नाही. मग ती पाठमोरी आत येते, खुर्चीत बसते. सिनेमा संपला.

"बहिरेबुवा," मास्तर चहाचा कप हातात घेऊन म्हणाले, "आजवर माणसांना पाय दिले. आता खोलीला पाय द्यायचे?"

"खोली भाड्याने द्यायची असेल हो," बहिरेबुवा म्हणाले. "जाहिरात केलीये."

दोघं खो खो हसले. तेवढ्यात सिनेमाची दिग्दर्शक बाई आत आली आणि दोघांनी शहाण्या मुलांसारखी तोंडं केली. बाई तरुण होती, हळू बोलणारी होती. ती रागावली नाही. तिने सांगितलं, की शूटिंगच्या वेळी त्या घराबाहेर रस्ता खोदत होते, त्यामुळे तिथला आवाज वापरण्यासारखा नाही. सगळंच मास्तरांना करावं लागेल. दारं, नळ, भांडी, आणि मुख्य म्हणजे पावलं.

"पण बाई, ती दिसत का नाही?" मास्तरांनी विचारलं. "एवढी नटी घेतलीत, पैसे दिलेत, आणि दाखवायची नाही?"

"दिसली की लोक बघून मोकळे होतात," बाई म्हणाली. "म्हातारं माणूस दिसलं की आपल्याला वाटतं, कळलं. दिसली नाही तर ऐकावी लागेल. ती कशी आहे हे ऐकून शोधावं लागेल. म्हणजे तुम्ही जशी चालवाल, तशी ती असेल."

मास्तरांना हे काही फारसं पटलं नाही. पण काम ते काम. त्यांनी मऊ चपला घातल्या, फरशीवर उभे राहिले आणि सिनेमातली म्हातारी काढली. ही म्हातारी त्यांची हुकमी होती. फर्र, फर्र, मध्ये खोकला, पुन्हा फर्र. किती तरी सिनेमांतल्या आज्या, मावश्या आणि सासवा त्यांनी या एका चालीवर निभावून नेल्या होत्या.

बाईने ऐकलं. "हे म्हातारपण आहे," ती म्हणाली. "ही बाई नाहीये."

मास्तरांचा चेहरा पडला. अशी परतवलेली पावलं त्यांनी कित्येक वर्षांत बघितली नव्हती. ते घरी जाऊन जेवले नाहीत, बायकोवर उगाच खेकसले आणि बायकोनेही त्यांना सुनावलं, की तिथला राग इथे आणायचा नाही, इथे आधीच जागा कमी आहे.

दुसऱ्या दिवशी ते अनवाणीच फरशीवर उभे राहिले. पडद्यावर सकाळ होती, खोली रिकामी होती. सिनेमातली बाई आता बोळातून स्वयंपाकघरात जाणार होती. मास्तरांनी काही ठरवलं नव्हतं. पाय उचलला आणि तो आईचा पडला.

आई दवाखान्यात परिचारिका होती. रुग्णांच्या खाटांमधून दिवसभर धावून धावून तिची चालच तशी झाली होती. टाच आधी, ठाम, मग उरलेलं पाऊल. भराभर चार पावलं, मध्येच थबकणं, कारण काहीतरी आठवायचं, मग वळून पुन्हा भराभर. दारात आली की क्षणभर थांबणार, आत कोण काय करतंय ते बघणार, मग आत. लहानपणी मास्तर आणि ताई अंथरुणात पडून ते ऐकत आणि आज स्वारी खुशीत आहे की आपली धडगत नाही, हे अंदाजाने ओळखत.

मास्तर चालत राहिले. रिकाम्या खोलीच्या पलीकडे, न दिसणाऱ्या बोळात, आई काम करत होती. तिने नळ सोडला, कपाट उघडलं, काहीतरी आठवून थबकली. आणि गंमत अशी, की ती रिकामी खोली आता रिकामी वाटेना. कुणीतरी आहे आणि आत्ता येईल असं वाटू लागलं. मास्तर खिडकीतल्या उन्हाकडे बघता बघता दाराच्या चौकटीवर नजर लावून राहिले. ती येत नव्हती, पण होती. आपल्याला आवडत नाहीत अशा सिनेमातसुद्धा काहीतरी असू शकतं, ही शंका त्यांना पहिल्यांदा आली आणि ती त्यांनी कुणालाही सांगितली नाही.

टेक संपला तेव्हा दिग्दर्शक बाईने डोळे मिटलेले होते. "हीच," ती म्हणाली. "कोण आहे ही?"

"आहे एक," मास्तर म्हणाले आणि पाणी प्यायला गेले.

त्यानंतर काम भरभर झालं. फक्त शेवटापाशी दिग्दर्शक बाई अडली. संध्याकाळ होते, खोली अंधारत जाते, आणि म्हातारी येऊन खुर्चीत बसेपर्यंत लांबच लांब वेळ जातो. मास्तरांनी त्या वेळात आईला स्वयंपाकघरात कामाला लावलं. भांडी घासली, फडकं पिळलं, डबे जागच्या जागी ठेवले, मग आई भराभर चालत आली आणि बसली. आई रिकामी बसणारी नव्हतीच.

"इथे मला काहीतरी कमी ऐकू येतंय," बाई म्हणाली. "तिला यायला इतका वेळ का लागतो ते कळत नाहीये."

"काम करतेय की," मास्तर म्हणाले. "काम संपल्याशिवाय कशी बसेल?"

बाईलाही नेमकं काय हवंय ते सांगता येईना. शेवटी तिने ते तसंच ठेवलं.

मास्तरांच्या डोक्यात मात्र वेगळंच सुरू झालं होतं. हा सिनेमा ताईने ऐकला पाहिजे. तिला माहीत नसताना, अंधारात, अचानक आईचं पाऊल तिच्या कानावर पडलं पाहिजे. म्हणजे तिला कळेल, आई कुणाला माहीत होती आणि कुणाला नव्हती. मग ती बोलेल. मास्तरांना भांडण जिंकायचंही होतं आणि बहीण परतही हवी होती, आणि दोन्ही एकाच दिवशी जमेल असं त्यांना वाटलं. त्यांनी बायकोला मध्ये घातलं.

"त्याला स्वतःला फोन करता येत नाही का?" ताईने फोनवर विचारलं.

"करता येतो," मास्तरांची बायको म्हणाली, "पण हात जड झालाय. या ना ताई. तोंडाने म्हणणार नाहीत, पण दार वाजलं की आधी तुमचंच पाऊल आहे का ते ऐकतात."

ताई आली. सिनेमा पूर्ण व्हायच्या आधी काही ओळखीच्या लोकांना स्टुडिओतल्याच छोट्या प्रेक्षागृहात दाखवणार होते, त्या दुपारी ती भावोजींना घेऊन आली. केस बरेच पांढरे झाले होते. मास्तर म्हणाले, "प्रवास बरा झाला?" ती म्हणाली, "हो." एवढं बोलणं झालं आणि दोघंही दोन वेगळ्या रांगांत बसले. बायकोने कपाळावर हात मारला.

दिवे गेले. रिकामी खोली दिसली. भावोजींनी चष्मा पुसून पुन्हा लावला, कारण त्यांना वाटलं अजून सुरू व्हायचंय. मग बोळातून पावलं आली. टाच आधी, ठाम.

मास्तर पडद्याकडे बघतच नव्हते. ते पुढच्या रांगेतल्या ताईच्या मानेकडे बघत होते. ती मान एकदम ताठ झाली. ताईने हात तोंडावर नेला. पावलं थबकली, वळली, पुन्हा निघाली, आणि ताईचे खांदे हलायला लागले. मास्तरांचे डोळे भरून आले. ओळखलं तिने. एका पावलात ओळखलं. आता सगळं ठीक होणार, असं त्यांना अगदी आतून वाटलं. शेजारी भावोजी घोरायला लागले होते आणि त्यांनाही आज माफ होतं.

संध्याकाळ झाली. खोली अंधारत गेली. आत भांडी वाजू लागली, फडकं पिळलं गेलं, डबे जागेवर गेले. आणि ताई उठली. वाकून, लोकांच्या पायांवरून, अंधारातच बाहेर निघून गेली.

मास्तर तिच्यामागे धावले. ती बाहेरच्या बोळात भिंतीला टेकून उभी होती.

"काय झालं? आवडलं नाही?"

"छान आहे," ती म्हणाली. "आईच आहे. आपल्या लहानपणची. अगदी तीच." तिने डोळे पुसले. "पण या सिनेमातली बाई म्हातारी आहे ना रे?"

"मग?"

"मग ती भांडी कसली घासतेय शेवटी? एवढा वेळ ती भांडी घासत नाहीये. ती येतेय."

मास्तरांना काही उलगडेना. त्यांना वाटलं, झालं, पुन्हा आपलंच चुकलं. "तुला माझं काही कधी बरोबर वाटणारच नाही," ते चिडून म्हणाले. "तू स्वतः ओळखलंस ना आईला? रडलीस ना? मग अजून काय करू मी?"

"ओरडू नकोस. आत लोक आहेत." ती बोळातल्या बाकावर बसली. मग तिने विचारलं, "तू भेटायला यायचास तेव्हा आई कुठे असायची?"

"खुर्चीत. खिडकीपाशी."

"आणि निघताना?"

"खुर्चीत."

"मध्ये कधी उठलेली बघितलीस?"

मास्तर आठवू लागले. आई हसायची, गप्पा मारायची, टोमणे मारायची, पेपरातलं वाचून दाखवायची. मास्तरांना घरी परतताना नेहमी हलकं वाटायचं. पण आई उठलेली त्यांना आठवेना.

"तू यायच्या दिवशी सकाळपासून तिची गडबड," ताई म्हणाली. "केस विंचर, चांगले कपडे काढ, पावडर लाव. आणि तू यायच्या आत खुर्चीत जाऊन बसायचं. डावा पाय उचलतच नव्हता तिचा. मी धरून नेते म्हटलं तर हात झटकायची. एकटी जायची, भिंत धरून. बोळाच्या त्या टोकापासून खिडकीपर्यंत. बघवायचं नाही रे. आणि एकदा बसली की तू जाईपर्यंत उठायची नाही. पाणीसुद्धा प्यायची नाही, मध्येच उठावं लागेल म्हणून. आणि तू माझ्यासमोर वहिनीला फोन करून सांगायचास, आई ठणठणीत आहे."

"तू का नाही सांगितलंस?" मास्तरांनी विचारलं.

"शपथ घातली होती तिने. त्याला कळता कामा नये, म्हणायची. तो पायांवरून माणूस ओळखतो." ताईचा आवाज बारीक झाला. "आणि खरं सांगू? मला राग होता तुझा. मला वाटायचं, जगाची पावलं ओळखणारा माझा भाऊ, एकदा तरी विचारेल, आई, तू उठत का नाहीस? विचारलं असतंस तर मी शपथ मोडली असती. मी वाट बघत होते."

आतून पडद्यावरची भराभर पावलं ऐकू आली. बाई येऊन खुर्चीत बसली. सिनेमा संपला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मास्तरांना त्या टाळ्या ऐकवेनात. आपण इतकी वर्षं कान विकून पोट भरलं आणि घरातलंच ऐकू आलं नाही, या विचाराने त्यांना मान वर करता येईना. ताईच्या शेजारी बाकावर ते बसून राहिले.

"कशी चालायची?" त्यांनी शेवटी विचारलं.

"सांगता येणार नाही."

"मग चालून दाखव."

ताईने त्यांच्याकडे बघितलं. तो भांडणाचा चेहरा नव्हता. ती उठली.

दिग्दर्शक बाईला फार समजावावं लागलं नाही. तिने दोघांचे चेहरे पाहिले आणि बहिरेबुवांना म्हणाली, "शेवटचा भाग लावा. आवाज सगळा काढून टाका." मास्तरांनी ताईला आपल्या खोलीत नेलं, आवाज नको म्हणून तिचं घड्याळ काढून घेतलं, पर्स बाजूला ठेवली, तिला फरशीच्या चौकोनात उभं केलं. या खोलीत माणूस जागच्या जागी चालतो, पुढे जात नाही, हे त्यांनी तिला सांगितलं.

"जागच्या जागी कसं चालू?" ताई म्हणाली. "तिला पोचायचं असायचं."

मग बहिरेबुवांनी एकही कुरकुर न करता सगळे माइक हलवले. खोलीच्या एका भिंतीला धरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत वाट मोकळी केली. त्या टोकाला एक खुर्ची ठेवली. मास्तर काचेच्या पलीकडे जाऊन बसले. आजवर ते कायम आतल्या बाजूला असत. त्यांनी हेडफोन कानाला लावले.

पडद्यावर संध्याकाळ झाली. ताईने चपला काढल्या, भिंतीवर तळहात टेकला.

आधी नुसता तळहात सरकल्याचा आवाज आला. मग उजवं पाऊल, जपून ठेवलेलं. मग डावं, कडेवर घासत, ओढत, ओढत, उजव्यापर्यंत. मग काही नाही. मग श्वास. पुन्हा तळहात. मध्येच बोट भिंतीवर अडकल्यासारखं झालं आणि पाय थांबला. "चल," ताई स्वतःशीच पुटपुटली. "चल बाई." पुन्हा उजवं. पुन्हा ते ओढणं.

पडद्यावरचं ऊन भिंतीवरून उतरलं. खोली राखाडी झाली. एवढा सगळा वेळ मास्तरांनी भांड्यांनी भरला होता. आता त्या वेळात त्यांची आई एक एक पाऊल करून त्यांच्याकडे येत होती, आणि ते ताईच्या घराच्या जिन्यात पोचायच्या आत तिला पोचायचं होतं. दर भेटीच्या आधी हे झालं होतं. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि तोंडात धरला, हुंदका बहिरेबुवांना ऐकू जाऊ नये म्हणून. बहिरेबुवा स्वतःच्या यंत्राकडे बघत होते, पण त्यांना यंत्र दिसत नव्हतं.

पडद्यावर पाठमोरी बाई आत आली, त्याच क्षणी ताई खुर्चीपाशी पोचली. तिने खुर्चीची पाठ घट्ट धरली. बसली. धाप खाली बसू दिली. कपडे सारखे केले, कपाळावरचा घाम टिपला, केसांवरून हात फिरवला. पडदा काळा झाला. आणि सवयीने, आई दरवेळी बसल्यावर विचारायची तसंच, ती त्याच सुरात म्हणाली, "आला का गं तो?"

मास्तरांनी बोलायचं बटण शोधलं. काचेपलीकडे आवाज पोचवायला एक बटण असतं, पण ते कुठलं हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी हेडफोन काढून ठेवले, जड दार उघडलं आणि रेकॉर्डिंग चालू असताना आत शिरले. धडपडत, बूट वाजवत, खोली ओलांडून गेले. बहिरेबुवांचा हात यंत्र थांबवायला पुढे झाला, तो दिग्दर्शक बाईने धरून ठेवला.

"आलो," मास्तर म्हणाले.

ताई खुर्चीतून उठली नाही. तिने मान वर करून भावाकडे पाहिलं आणि त्याचा हात धरला.

"किती वेळ लावलास रे," ती म्हणाली.

मास्तर तिच्या पायाशी फरशीवर बसले.